शाळेतील एनसीसी: दोन वर्षांच्या प्रशिक्षणात काय असते आणि काय विचारून घ्यावे

राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे रोजच्या बोलण्यातली एनसीसी, शाळेच्या पातळीवर दोन वर्षांची असते आणि बहुतेक शाळांत ती आठवी-नववीत होते. मुलांच्या विभागाला ज्युनिअर डिव्हिजन आणि मुलींच्या विभागाला ज्युनिअर विंग म्हणतात. भूदल, नौदल आणि हवाई दल अशा तीन शाखा असल्या तरी बहुतांश शाळांत भूदलाची तुकडी असते. १९४८ च्या राष्ट्रीय छात्र सेना कायद्याने ही संघटना उभी राहिली. ती केंद्रीय संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि खर्चाचा वाटा राज्य शासनही उचलते. महाराष्ट्राचे संचालनालय मुंबईत आहे. त्याच्या हाताखाली मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर येथील ग्रुप मुख्यालये आणि त्यांच्या बटालियन काम करतात. गोव्यातील शाळा कर्नाटक व गोवा संचालनालयाकडे येतात.

नव्या वर्षाची निवड सुरू झाली की पालक जवळपास तेच प्रश्न विचारतात. मुलाला सैन्यात जावे लागेल का? दहावीला गुण मिळतील का? अभ्यास बुडेल का? किडकिडीत मुलाला झेपेल का? मध्येच सोडता येईल का? या प्रश्नांची उत्तरे प्रशिक्षणाच्या क्रमानेच पाहिली तर निर्णय सोपा होतो.

आधी दूर करायचे गैरसमज

एनसीसीत नाव घातल्याने लष्करी सेवेचे कोणतेही बंधन येत नाही. छात्राला युद्धाच्या किंवा आणीबाणीच्या काळातही सैनिक म्हणून बोलावले जात नाही. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ पासून काही वर्षे, महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची होती. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. आज कायद्याप्रमाणे नोंदणी विद्यार्थ्याच्या इच्छेनेच होते. त्यामुळे एखाद्या शाळेने संपूर्ण वर्गाला एनसीसी लावली, तर त्यामागचे कारण विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.

दुसरा गैरसमज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीबद्दल, म्हणजे एनडीएबद्दल आहे. शाळेतील एनसीसीचे प्रमाणपत्र एनडीएच्या प्रवेशात एक गुणही वाढवत नाही. तिथे केंद्रीय लोकसेवा आयोगाची ९०० गुणांची लेखी परीक्षा असते आणि त्यानंतर सेवा निवड मंडळाची ९०० गुणांची मुलाखत-चाचणी असते. एनसीसीतून आलेली सवय मुलाखतीत उपयोगी पडते, हे खरे. पण ती सवय कागदावर दाखवता येत नाही, वागण्यातून दिसावी लागते.

तिसरा गोंधळ सैनिकी शाळांचा आहे. साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ मध्ये सुरू झाली. ती, चंद्रपूरची सैनिक स्कूल आणि नाशिकची १९३७ मध्ये स्थापन झालेली भोसला मिलिटरी स्कूल या पूर्णवेळ शाळा आहेत. छत्रपती संभाजीनगरची सेवापूर्व शिक्षणसंस्था दहावीनंतर मुलांना एनडीएसाठी तयार करते. एनसीसी यांपैकी काहीही नाही. ती नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या अभ्यासाबरोबर चालणारी तुकडी आहे.

नाव घालण्यापूर्वी शाळेत काय विचारावे

मुलांना गणवेश आवडतो आणि निर्णय तिथेच होऊन जातो. त्याआधी एकदा एनसीसीच्या शिक्षकांना भेटावे. शाळेतील या शिक्षक-अधिकाऱ्याला एएनओ म्हणतात. पुरुष एएनओंचे प्रशिक्षण नागपूरजवळच्या कामठीतील अधिकारी प्रशिक्षण अकादमीत होते, तर महिलांचे ग्वाल्हेरला. काही शाळांत प्रशिक्षित एएनओ नसतात आणि काम केअरटेकर शिक्षक पाहतात. त्यात दोष नाही, पण अशा ठिकाणी परेड नियमित होते का, हे जास्त बारकाईने विचारावे. भेटीत पुढील गोष्टी स्पष्ट करून घ्या:

- तुकडी कोणत्या बटालियनशी संलग्न आहे? बटालियनचे नाव सांगता आले नाही, तर तिथेच थांबावे.
- तुकडी नियमित योजनेतली आहे की स्ववित्त योजनेतली? नियमित तुकडीत छात्राकडून प्रशिक्षणाचे शुल्क घेतले जात नाही. स्ववित्त तुकडीचा खर्च संस्था उचलते आणि त्यातला काही भाग पालकांकडून घेतला जाऊ शकतो. किती आणि कशासाठी, हे लेखी घ्यावे.
- परेड कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे होते? शाळेपूर्वी, शाळेनंतर की रविवारी?
- गेल्या दोन वर्षांत किती मुले प्रमाणपत्र परीक्षेला बसली आणि किती मुलांना कॅम्प मिळाला?
- मुलींसाठी महिला अधिकारी किंवा महिला प्रशिक्षक असतात का?

यातला चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तुकडी कागदावर पन्नासची असते आणि परीक्षेपर्यंत वीसच मुले टिकलेली असतात, असे काही ठिकाणी घडते. त्याचे कारण बहुतेक वेळा मुलांचा आळस नसतो. परेडच नीट होत नसते.

नोंदणी: कागदपत्रे, बँक खाते, वैद्यकीय तपासणी

ज्युनिअर विभागासाठी वयाची वरची मर्यादा साडेअठरा वर्षे आहे, त्यामुळे आठवी-नववीच्या मुलांना वयाची अडचण सहसा येत नाही. निवडीची देशभर एकच लेखी परीक्षा नसते. जागा ठरलेल्या असल्याने एएनओ आणि बटालियनचे प्रशिक्षक मिळून धावणे, उभे राहण्याची ठेवण, थोडे सामान्य ज्ञान आणि एक-दोन प्रश्न यावरून मुले निवडतात. बटालियनमध्ये नेमलेले हे प्रशिक्षक सैन्यातले हवालदार-सुभेदार दर्जाचे असतात. मुले त्यांना पीआय स्टाफ म्हणून ओळखतात.

अर्जाची माहिती आता ऑनलाइन भरली जाते. जन्मतारीख, आधारवरील नाव आणि शाळेच्या नोंदवहीतील नाव एकसारखे असावे. ‘पाटील सई संजय’ आणि ‘सई संजय पाटील’ एवढ्या फरकानेही पुढे प्रमाणपत्रावरचे नाव चुकते आणि मग दुरुस्तीसाठी बटालियनमध्ये खेटे घालावे लागतात. गणवेशाचा भत्ता थेट छात्राच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली आहे. त्यासाठी २०२३ मध्ये स्टेट बँकेच्या ‘पहली उडान’ योजनेत शून्य शिल्लक खात्याची सोय करण्यात आली. खाते मुलाच्या नावे आणि चालू असावे. बंद पडलेल्या खात्यामुळे भत्ता अडकतो आणि गणवेश पदरचे पैसे घालून घ्यावा लागतो.

अर्जासोबत पालकांचे संमतिपत्र आणि शारीरिक सुदृढतेचा दाखला लागतो. दमा, फिट येणे, हृदयाचा त्रास, जुने फ्रॅक्चर, कसलीही ॲलर्जी यांपैकी काही असेल तर ते लपवू नका. ‘सांगितले तर घेणार नाहीत’ या भीतीने गप्प राहिलेल्या पालकांचे मूल कॅम्पमध्ये घरापासून दूर असते, आणि तिथल्या वैद्यकीय कर्मचाऱ्याला त्याच्या आजाराचा पत्ताच नसतो. सौम्य दम्याच्या मुलाला डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर इनहेलर जवळ ठेवून परेड करता येते का, हे एएनओंशी आधीच बोलून घ्यावे.

मैदानावर काय शिकवतात

अभ्यासक्रमात कवायत, शस्त्रप्रशिक्षण, नकाशावाचन, फील्डक्राफ्ट, आरोग्य व प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन, राष्ट्रीय एकात्मता, समाजसेवा, व्यक्तिमत्त्व विकास आणि नेतृत्व असे विषय असतात. शस्त्रप्रशिक्षणात पॉइंट टू टू बोअरची रायफल हाताळणे, खोलणे-जोडणे आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली फायरिंग येते. सर्व मुलांना फायरिंग मिळेलच असे नाही. ते रेंज आणि दारूगोळा उपलब्ध असण्यावर अवलंबून असते.

हुकूम हिंदीत दिले जातात: सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, तेज चल, थम. प्रशिक्षकांची भाषाही बहुधा हिंदीच असते. मराठी माध्यमाच्या, विशेषतः खेड्यातल्या मुलांना पहिले काही आठवडे याचेच दडपण येते. हुकूम चुकल्यावर हसे होते आणि मूल परेडला जायचे टाळू लागते. घरी रोज पाच मिनिटे कुणीतरी हुकूम द्यावेत आणि मुलाने कृती करावी, एवढ्यानेही हे दडपण लवकर निघून जाते.

शरीराची तयारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत. आठवड्यातून एक-दोन परेडींनी हे भरून निघत नाही. म्हणजे एनसीसीची तंदुरुस्ती मैदानावर तपासली जाते, पण ती घडते उरलेल्या दिवसांत. बारीक किंवा स्थूल मुलाला काळजी करण्याचे कारण नाही. ज्युनिअर विभागात अपेक्षा आवाक्यातली असते आणि बेताबेताने सराव केलेले मूल दोन-तीन महिन्यांत बरोबरीला येते.

पहिल्या सहा आठवड्यांसाठी पुढचा क्रम पुरेसा आहे:

- पहिले दोन आठवडे: रोज अर्धा तास भरभर चालणे, मध्ये एकेक मिनिट हळू धावणे, पाच-सहा सूर्यनमस्कार, दहा बैठका.
- तिसरा-चौथा आठवडा: एक दिवसाआड दहा मिनिटे न थांबता धावणे. धावताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. जोर सुरुवातीला गुडघे टेकून काढावेत.
- पाचवा-सहावा आठवडा: वीस मिनिटे धावणे, पूर्ण जोर, बैठका, दोरीच्या उड्या. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा.

धावण्यासाठी साधे कॅनव्हासचे किंवा खेळाचे बूट वापरावेत. कवायतीच्या जड बुटांत धावल्याने टाचा सोलवटतात आणि नडग्या दुखतात. नवे बूट परेडच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. आधी आठवडाभर घरात तासभर घालून ते सैल करावेत आणि आत सुती मोजे वापरावेत.

या वयात उंची झपाट्याने वाढते. हाडे लांब होतात आणि स्नायू त्या मानाने मागे राहतात. त्यामुळे गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेला दुखणे सर्रास आढळते. थोडी विश्रांती, ताण देण्याचे व्यायाम आणि सरावात कपात एवढ्याने ते सहसा कमी होते. मूल लंगडत असेल, सूज असेल किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. ‘सैनिक रडत नाही’ असे सांगून दुखणाऱ्या पायावर धावायला लावणे चूक आहे.

परेडमध्ये चक्कर येऊन पडणे हा नेहमीचा प्रकार आहे. बराच वेळ सावधानमध्ये निश्चल उभे राहिले की रक्त पायांत साचते आणि मेंदूकडे कमी पोहोचते. उपाशी पोट, ऊन आणि अपुरी झोप यांची त्यात भर पडते. मुलांना तीन गोष्टी शिकवून ठेवाव्यात: गुडघे घट्ट ताणून धरू नयेत, बुटाच्या आत पायाची बोटे हलवत राहावे, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तर लाज न बाळगता खाली बसावे. परेडपूर्वी तासभर पोहे, भाकरी-दूध किंवा दोन केळी असे काही पोटात असावे. पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतःची असावी. उन्हात मूल गोंधळल्यासारखे बोलू लागले किंवा अंग तापले, तर सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

आहारासाठी वेगळा खर्च लागत नाही. नाचणी, ज्वारी-बाजरी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे-गूळ, डाळी, दूध, आणि चालत असेल त्या घरी अंडी, हे पुरेसे आहे. प्रथिनांच्या पावडरींची या वयात गरज नाही. मुलींमध्ये रक्ताची कमतरता असण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि लवकर दम लागण्यामागे बऱ्याचदा तेच कारण असते. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोह व फोलिक ॲसिडची गोळी मुली टाळतात. ती घेतली जाते ना, एवढे घरी पाहावे. पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर धावण्यातून सूट मागता येते. त्यासाठी महिला शिक्षिकेला सांगणे पुरेसे असावे. झोप मात्र आठ ते दहा तास हवी. पहाटेची परेड असेल तर आदल्या रात्री नऊच्या सुमारास मोबाइल बाजूला ठेवणे हा प्रशिक्षणाचाच भाग समजावा.

नेतृत्व कसे शिकवले जाते

नेतृत्वाचा धडा पुस्तकात आहे, पण तो शिकवला जातो छोट्या कामांतून. रांगेची गिनती घेणे, उशिरा आलेल्यांची नोंद ठेवणे, फायरिंगनंतर सामान मोजून परत करणे, कॅम्पमध्ये आपल्या तंबूची सफाई आणि पाण्याची व्यवस्था पाहणे, जेवणाच्या रांगेत लहान मुलांना पुढे सोडणे, ही ती कामे आहेत. काम चुकले की त्याचा त्रास इतरांना होतो आणि तो लगेच दिसतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला जबाबदारी म्हणजे काय, हे इतक्या स्पष्टपणे सहसा दुसरीकडे कुठे कळत नाही. शाळेतील एनसीसीची सर्वांत मोठी कमाई हीच आहे, आणि पालकांनी निर्णय घेताना सर्वाधिक वजन याला द्यावे.

कवायतीचा हुकूम देणेही याच शिक्षणात येते. हुकुमाचे दोन भाग असतात. ‘दाहिने’ हा सूचनेचा भाग लांबवून म्हणायचा आणि ‘मुड’ हा कृतीचा भाग तोडून, जोरात. मधल्या क्षणात समोरची तीस मुले तयार होतात. दोन्ही भाग घाईने एकत्र म्हटले की अर्धी तुकडी वळते आणि अर्धी अडखळते. हुकूम देणाऱ्याला आपल्या बोलण्याचा परिणाम तिथल्या तिथे दिसतो. लाजाळू मुलांनाही हे जमते, कारण काय म्हणायचे ते ठरलेले असते आणि फक्त आवाज पोटातून काढायचा असतो. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाला सहा मुलांच्या रांगेपासून सुरुवात करून द्यावी, असे एएनओंना जरूर सुचवावे.

पदांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घरोघरी रुसवेफुगवे तिथेच होतात. छात्र, लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट अशी पदे चढत जातात. ती हजेरी, कवायत, वागणूक आणि एएनओंचा अनुभव यांवरून मिळतात आणि त्यांची संख्या थोडी असते. वर्गातला पहिला नंबर हा त्याचा निकष नाही. पद मिळवून देण्यासाठी पालकांनी शाळेत रदबदली करू नये. त्याने मुलाचे तुकडीतले स्थान बिघडते. मात्र पद नसलेल्या मुलालाही हुकूम देण्याची आणि गट सांभाळण्याची पाळी येते का, हे विचारणे रास्त आहे. चांगल्या तुकडीत ही कामे फिरती असतात. वर्षभर तीच चार मुले पुढे आणि उरलेली मागच्या रांगेत, अशी स्थिती असेल तर नेतृत्वाचे प्रशिक्षण फक्त त्या चौघांचेच होत आहे.

अभ्यासाचा मेळ

दोन वर्षे नववीअखेर संपत असल्याने दहावी मोकळी राहते. अडचण येते ती नववीत. शाळेतील प्रशिक्षणाच्या ए प्रमाणपत्राची परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे शाळेच्या वार्षिक परीक्षेच्या आसपास येऊ शकते. बटालियनचे वेळापत्रक शाळेला कळते तेव्हाच ते घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

परेडच्या दिवशी संध्याकाळी मूल दमलेले असते. त्या दिवशी गणित किंवा नवा धडा ठेवू नये. वाचन, शुद्धलेखन, आकृत्या असे हलके काम ठेवावे. जड विषय दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा. परेडच्या वाराशी शिकवणीचा वार आदळत असेल तर शिकवणीच्या बाईंशी किंवा सरांशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून वार बदलून घ्यावा. दर आठवड्याला अर्धी परेड सोडून पळणे मुलाला दोन्हीकडे कमीपणा आणते.

एनसीसीचे काही विषय शाळेच्या अभ्यासाला थेट मदत करतात. नकाशावाचनात समोच्चरेषा, प्रमाण, दिशा आणि ग्रिड संदर्भ शिकवतात. सहा अंकी ग्रिड संदर्भ नकाशावरची जागा १०० मीटरपर्यंत नेमकी दाखवतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर हे एकदा हाताने केलेल्या मुलाला भूगोलातले स्थलदर्शक नकाशे अवघड जात नाहीत. प्रथमोपचार आणि आरोग्याचा भाग विज्ञानाशी जुळतो. मुलाने एनसीसीची वही वेगळी ठेवावी आणि शिकलेले त्याच आठवड्यात स्वतःच्या शब्दांत लिहावे. परीक्षेपूर्वी बाजारातले मार्गदर्शक पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराचा विचार वेगळा करावा लागतो. त्याची निवड अनेक टप्प्यांत होते. बटालियन, ग्रुप आणि संचालनालय अशी शिबिरे पावसाळ्यानंतर सुरू होतात आणि अंतिम शिबिर जानेवारीत होते. निवड होत गेलेले मूल कित्येक आठवडे शाळेबाहेर असते. ही संधी मोठी आहे आणि ती नाकारू नये. पण पहिल्या टप्प्यालाच मुख्याध्यापकांना भेटून बुडालेल्या घटक चाचण्यांची पर्यायी सोय आणि टिपणे देणारा एक वर्गमित्र ठरवून घ्यावा. मूल आधीच दोन विषयांत मागे असेल, तर पहिल्या टप्प्यापूर्वीच घरात मोकळेपणाने बोलावे. मधल्या टप्प्यात माघार घेणे सर्वांनाच जड जाते.

कॅम्पला पाठवताना

वार्षिक प्रशिक्षण शिबिर साधारण दहा दिवसांचे असते. पहाटे उठणे, पीटी, कवायत, शस्त्रप्रशिक्षण, व्याख्यान, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, रात्री हजेरी आणि दिवे बंद, असा दिवस असतो. सोबत द्यायच्या वस्तूंची यादी शाळा देते. त्यात रोजची औषधे नावासह, टॉर्च, घडी केलेले प्लास्टिक, जादा मोजे आणि पालकांचा फोन क्रमांक लिहिलेला कागद यांची भर घालावी. सोने आणि महागडा मोबाइल देऊ नये.

शिबिर खरोखर एनसीसीचे आहे का, हे तपासणे ही केवळ औपचारिकता नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तामिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात एका खासगी शाळेत एनसीसीच्या नावाने बनावट शिबिर भरवले गेले आणि त्यात मुलींवर लैंगिक अत्याचार झाले. त्या शाळेत एनसीसीची तुकडीच नव्हती. म्हणून पाठवण्यापूर्वी एवढे पाहावे:

- बटालियनच्या पत्रावर शिबिराचे ठिकाण, तारखा आणि प्रमुख अधिकाऱ्याचे नाव आहे का?
- त्या पत्राची खात्री बटालियनच्या कार्यालयात फोन करून झाली का? क्रमांक शाळेने दिलेला न वापरता स्वतंत्रपणे शोधावा.
- मुलींसोबत महिला अधिकारी मुक्कामी आहेत का, आणि राहण्याची व स्वच्छतागृहांची सोय वेगळी आहे का?
- मुलाला घरी फोन कधी करता येईल?

ए प्रमाणपत्र: अटी आणि उपयोग

परीक्षेला बसण्यासाठी दोन वर्षांच्या एकूण तासिकांपैकी किमान ७५ टक्के हजेरी आणि एक वार्षिक शिबिर लागते. हजेरी तासिकांची मोजतात. परेडला येऊन अर्ध्यातून गेलेल्या मुलाची उरलेली तासिका गैरहजर लागते. दर तीन महिन्यांनी हजेरीची टक्केवारी एएनओंकडे विचारावी. परीक्षेच्या महिनाभर आधी ६८ टक्के भरली असे कळले, तर तेव्हा करण्यासारखे काही उरत नाही.

उपयोगाबद्दल स्पष्ट बोलणे बरे. ए प्रमाणपत्राचा थेट लाभ मर्यादित आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या जीडी कॉन्स्टेबल भरतीत कमाल गुणांच्या प्रमाणात ए प्रमाणपत्राला २ टक्के, तर पुढे सीनिअर विभागात मिळणाऱ्या बीला ३ टक्के आणि सीला ५ टक्के जादा गुण मिळतात. अग्निवीर भरतीतही प्रमाणपत्रांना जादा गुण आहेत. भूदलात अधिकारी होण्यासाठीचा एनसीसी विशेष प्रवेश मात्र सी प्रमाणपत्रावर, किमान बी श्रेणीवर आणि पदवीच्या ५० टक्के गुणांवर मिळतो. त्यात लेखी परीक्षा माफ असते, पण सेवा निवड मंडळाची चाचणी माफ नसते. दहावीच्या सवलतीच्या गुणांचे नियम शासन निर्णयानुसार बदलतात. त्या वर्षी लागू असलेला निर्णय मुख्याध्यापकांकडे मागून वाचावा. शेजारच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय मिळाले, यावर विसंबू नये.

पुढे जायचे असेल तर अकरावीत सीनिअर विभागात नव्याने नोंदणी करावी लागते. शाळेतील दोन वर्षे बी प्रमाणपत्रासाठी मोजली जात नाहीत. बीसाठी सीनिअर विभागाची दोन वर्षे आणि सीसाठी तीन वर्षे लागतात. बारावीनंतर महाविद्यालय बदलते आणि नव्या ठिकाणी एनसीसी नसते, तिथे अनेकांचे सी प्रमाणपत्र हुकते. प्रवेश घेतानाच ही चौकशी करावी. शाळा बदलताना पहिल्या वर्षाची नोंद नव्या तुकडीकडे वर्ग करता येते. जुन्या शाळेचा दाखला काढण्याआधी एएनओंकडून तसे लेखी घ्यावे.

शिक्षा, त्रास आणि तक्रार

शिस्त आणि मारहाण यांत फरक आहे. चुकल्यावर पुन्हा कवायत करायला लावणे प्रशिक्षणात बसते. काठीने मारणे, चिखलात लोळवणे, तासन्‌तास कोंबडा करून ठेवणे, जात किंवा शरीरावरून शिवीगाळ करणे प्रशिक्षणात बसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यातील एका महाविद्यालयात वरिष्ठ छात्र कनिष्ठांना पावसात काठीने मारत असल्याची चित्रफीत बाहेर आली, तेव्हा हा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. असे प्रकार बहुतेकदा प्रशिक्षक नसताना, वरिष्ठ छात्रांच्या हाती तुकडी सोपवल्यावर घडतात. म्हणून परेडच्या पूर्ण वेळेत एएनओ किंवा पीआय स्टाफ मैदानावर असतो का, हे अधूनमधून स्वतः जाऊन पाहावे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. हा कायदा १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू होतो. त्यावरील मुलांना बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७५ संरक्षण देते. लैंगिक त्रासासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि त्यात माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते. तक्रारीचा क्रम असा ठेवावा:

- पहिली लेखी तक्रार मुख्याध्यापकांकडे, तारखेसह, पोच घेऊन.
- त्याच दिवशी प्रत बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरकडे. दखल न घेतल्यास ग्रुप मुख्यालयाकडे.
- मारहाण किंवा लैंगिक त्रास असेल तर हा क्रम पाळत बसू नये. थेट पोलीस ठाणे किंवा १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी गाठावी आणि वैद्यकीय तपासणी लगेच करून घ्यावी.

प्रशिक्षणादरम्यान दुखापत झाली तर घटनेची नोंद त्याच दिवशी एएनओंकडून लेखी करून घ्यावी. गंभीर इजेसाठी छात्र कल्याण निधीतून मदत मिळू शकते, पण घटना अधिकृत परेडमध्ये किंवा शिबिरात घडल्याचा कागद त्यासाठी लागतो.

सोडायचे असेल, किंवा शाळेत एनसीसी नसेल

पहिल्या महिना-दोन महिन्यांत अनेक मुलांना सोडावेसे वाटते. कारण ऊन, बूट किंवा हुकूम चुकण्याची लाज असेल तर थोडे थांबून पाहावे. कारण भीती असेल तर थांबू नये, ती कुणाची आहे ते आधी शोधावे. सोडताना पालकांचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत बटालियनला जातो आणि नाव कमी होते. मिळालेले शासकीय सामान मोजून परत करावे आणि पावती घ्यावी. नुसते जाणे बंद केले तर नाव पटावर राहते आणि प्रतीक्षेतल्या दुसऱ्या मुलाची जागा अडते.

शाळेत तुकडी नसेल तर मुख्याध्यापकांनी जवळच्या बटालियनकडे मागणीपत्र द्यावे. त्यासाठी मैदान, साठवणीची खोली आणि प्रशिक्षणास तयार असलेला शिक्षक दाखवावा लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत, आदिवासीबहुल भागांतल्या शाळाही धरून, एनसीसीची पथके सुरू करण्यास राज्यांनी प्रोत्साहन द्यावे असे म्हटले आहे. त्याचा उल्लेख अर्जात करावा. मंजुरीला वेळ लागतो. तोवर स्काउट-गाइड किंवा रस्ता सुरक्षा दल, म्हणजे आरएसपी, यांतून कवायत, प्रथमोपचार आणि गटप्रमुखाची कामे मुलांना मिळू शकतात.